येऊन राहिले

चोरखमाऱ्याच्या तलावाकाठी एका कुटुंबाने आपल्या शेताच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. नवरा नागझिऱ्याच्या जंगलात गाईड, बायको स्वयंपाक आणि बाकीचा कारभार पाहते, सासू अंगणात बसून सगळ्यांवर नजर ठेवते. मी बाबांना घेऊन तिथे उतरले होते. त्यांची स्मृती झपाट्याने जात होती. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर बंद दारापाशी उभे असायचे. पाण्याकाठी, पक्ष्यांत थोडं बरं वाटेल, असा माझा हिशेब. औषधं, स्वेटर, गळ्यात घालायचं नाव-पत्त्याचं कार्ड, सगळं यादीप्रमाणे आणलं होतं.

दुपारी कपडे धुऊन आले, तर बाबा बाहेरच्या खुर्चीत नव्हते. मी स्वयंपाकघरात डोकावले.

"बाबांना पाहिलंत का?"

"हो ना ताई, पाळीवरून येऊन राहिले," चुलीवरची नजर न काढता मालकीण म्हणाली.

पाळ म्हणजे तलावाचा बांध. तिथून आले, आता खोलीत टेकले असतील. मी मागच्या दोरीवर कपडे वाळत घातले, पाण्याची बाटली भरली आणि मग खोलीत गेले. पलंग रिकामा. चपला नाहीत. कार्ड उशीवर.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, येऊन राहिले?"

"मंग! इकडंच येऊन राहिले होते. मी खिडकीतून पायलं ना!"

तेव्हा कळलं. इथे 'येऊन राहिले' म्हणजे 'येत आहेत'.

"पुण्याच्या बाईले मराठी नाई समजत का वो?" सासू अंगणातून म्हणाली.

"माय, तुमी चूप राहा ना!" सून तिच्यावर ओरडली आणि तिने नवऱ्याला फोन लावला.

तो मोटारसायकल घेऊन जंगलाच्या रस्त्याने गेला. मी पाळीवरून धावत सुटले. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला कापलेली धानाची बांधी, भाताची रिकामी खाचरं. ऊन उतरत होतं. मी "बाबा, बाबा" ओरडत होते आणि पाण्यात काहीही काळं दिसलं, लाकूड, पाणकोंबडी, की पाय थांबत होते. मग वाटलं, ते कुणाचे बाबा आहेत हेच त्यांना आठवत नसेल तर हाक कशाला ऐकतील? त्यांची आई ज्या नावाने त्यांना बोलवायची, त्या नावाने मी ओरडू लागले. लाज वाटायला वेळ नव्हता.

"ओ!" खालून आवाज आला.

कालव्याच्या तोंडाशी, पाण्यात पाय सोडून ते बसले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उतरला. माझ्यामागे दुसरं कुणी येतंय का, हे ते वाकून बघत होते.

माझ्याबरोबर यायला ते तयार होईनात. जंगलाच्या रस्त्याने शोधून मालक मोटारसायकलवर तिथे आला, "चला बाबाजी, चहा होऊन राहिला," म्हणाला, आणि ते निमूट त्याच्या गाडीवर बसले.

परतल्यावर मी मालकिणीला कुलूप मागितलं.

"बाहेरून? माणसाले कोंडता का ताई?"

"मी आंघोळ करून येईपर्यंत."

म्हशीच्या गोठ्याचं कुलूप काढून तिने माझ्या हातात दिलं. मी कडी लावली, कुलूप दाबलं. आतून बाबा हलकेच दार वाजवू लागले, पाहुण्याने वाजवावं तसं.

"कोणी आहे का घरात?"

मी टॉवेल खांद्यावर टाकून तिथेच उभी राहिले.