पाठ टेकली होती

काल मिरवणुकीतला गुलाल दारातून आत आला आणि मंठ्याच्या स्पर्धेचं ते मैदान आठवलं. बॉक्सिंगच्या शेवटच्या फेरीत मी समोरच्या मुलीला एकदा आडवी पाडली होती. पण आधीच्या दोन्ही फेऱ्या तिनेच जिंकल्या होत्या, म्हणून पंचांनी तिचा हात वर केला. आमचं गाव कुस्तीचं. काका रिंगच्या दोरीला धरून ओरडले, "पाठ टेकली ना तिची? मंग खेळ संपला! ह्ये निकाल कसला देऊन राह्यले?" गावाने गुलाल उधळत मला खांद्यावर घेतलं. ती मुलगी पदक घालून एकटीच उभी होती. टाळी कुणीच वाजवली नाही. निकाल बरोबर होता हे मला कळत होतं, तरी मी खाली उतरले नाही. काल दार लावून घेतलं, आणि कितीतरी वेळ गालावरचा गुलाल पुसत राहिले.