मयताच्या गाडीचं इंजिन

आमची व्हॅन चढाला बंद पडली तवा माझं लेकरू माझ्या मांडीवर आकडी येऊन ताठ झालं हुतं. दुपारची वेळ, ऊन मी म्हणतंय, रस्त्याला माणूस न्हाय. लेकराचं डोळं वर गेलेलं, ओठ निळं पडायलेलं, आन् आमचं हे आपलं चावी मारत्यात, मारत्यात, परत मारत्यात.

व्हॅन म्हंजे आमचं वडाप. कोडोलीत माणसं भरायची, कोल्हापुरात सोडायची, येताना परत भरून आणायची, त्यावरच घर. गाडी जुनी. इंजिन डायवरच्या सीटखालीच आसल्यामुळं तापलं की बूड भाजायचं, माणसं म्हणायची, पावणं, आमास्नी पोचवताय का भाजताय. हे हसायचे. आदल्या आठवड्यात इंजिन धूर मारायला लागलेलं, तवाबी हसलेच. त्या दिवशी आधी करपल्याचा वास आला, मग खडखड, मग आतनं कुणीतरी धरून ठेवल्यागत झालं आन् गाडी हुबी.

दवाखान्यात सांगून ठेवलेलं, आकडी थांबंना झाली तर पळत आणायचं, उशीर झाला तर मेंदूला मार बसतो. एक दुधाचा टेम्पो आला, त्येनं थांबवलं, मी कॅनांच्या मधी बसून लेकरू छातीशी धरून कोल्हापूरला गेलो. वाचलं. पण बसायला शिकलेलं लेकरू, ते परत लवंडायला लागलं. उशी लावून बसवायचं, हळूच कलंडायचं. सासूबाई म्हणायच्या हुईल की हळूहळू, आन् मी ते कलंडणं बघत बसायचो.

ह्यास्नी मी एकच म्हंटलं, बंद पडणार न्हाय आसं इंजिन आणा, न्हायतर मी लेकरू घेऊन त्या गाडीत बसणार न्हाय.

मिस्त्री म्हंटला, ह्या इंजिनात आता काय ऱ्हायलं न्हाय, दुसरं बसवा. नवं मिळत न्हाय, गाडीच यायची बंद झालीया. म्हंजे जुनंच हुडकायचं. मी बी संगं जातो म्हंटलं. हे माणूस वाईट न्हवंत, पण समोरचा गोड बोलला की पाघळत्यात. मिस्त्रीनं काय काय बघायचं सांगितलं ते मी पाठ करून घेतलं, शाळंत कवा केलं न्हाय तसं. इंजिनाला आधी हात लावायचा. गरम लागलं तर मालकानं आदुगरच चालवून ठेवलंय, गार इंजिन सुरू हुताना कसं कण्हतंय ते तुमाला ऐकू द्यायचं न्हाय. तेल घालायचं टोपण काढायचं, आतनं भकाभका धूर आला तर सोडायचं. टोपणाला आतनं सायीगत पांढरं लागलं आसंल तर तेलात पाणी मिसळतंय. सायलेन्सरातनं निळा धूर म्हंजे तेल खातंय.

मग आमी भंगारवाल्यांकडं फिरलो. कुणाची तरी जुनी मोटरसायकल मागून आणायची, धा किका मारल्यावर सुरू हुणार, तवर मी लेकरू कडंवर घेऊन उन्हात हुबी. तिथं जुन्या टायरांवर इंजिनं मांडून ठेवलेली, रिक्षाची, बुलेटची, जीपची, सगळीकडं काळं तेल, लेकराला खाली सोडायची सोय न्हाय. एक इंजिन चंदेरी रंग मारून ठेवलेलं. मी विचारलं, रंग कशाला मारलाय. तो म्हंटला, "वैनी, बघायला पावणं आलते तवा तुमी बी पावडर लावलीच आसंल की." हे हसले. मी टोपण काढून दाखवलं, आत साय. दुसऱ्यानं इंजिन पहिल्या चावीला सुरू करून दाखवलं, हे लगेच खूश. मी सुरू करायच्या आधीच हात लावलेला, चटका बसला हुता. तो म्हणतो, उन्हात हुतं वैनी. शेड हुती वर. तिसरं बरं वाटलं, तर टोपण काढताच चुलीगत धूर.

घरात आल्यावर हे म्हंटले, तुला इंजिन नको हाय, तुला देवाचं वचन पायजे, ते मी कुठनं आणू. मी म्हंटलं, आणा कुठनं बी. त्या दिवसात लेकराचं कपाळ जरा कोमट लागलं तरी मी घटकेघटकेला हात लावून बघायचो. ताप आला की आकडी, आन् दारात गाडी मेलेली.

शेवटी मिस्त्रीच म्हंटला, अपघातातली गाडी बघा. म्हातारी हून भंगारात गेलेल्या गाडीचं इंजिन बी म्हातारं. अपघातातलं तरणंताठं आसतंय. फकस्त मागनं ठोकरलेली बघा, म्हंजे इंजिनाला धक्का न्हाय. हे त्येनं वडा खात खात सांगितलं. मला कसंतरीच झालं. पण त्याचं खरं हुतं, ते ऐकताना बी मला कळत हुतं.

वडापातल्या एका रोजच्या माणसानं ठिकाण सांगितलं. नृसिंहवाडीच्या रस्त्याला एका गावात आमच्यासारखीच व्हॅन हाय, लई न चाललेली. वाडीला दर्शनाला गेलते, येताना मागनं ट्रकनं ठोकरलं. मागच्या सीटवर घरची सून हुती, ती जागच्या जागी गेली. गाडी कैक महिने घरामागं परड्यात झाकून ठेवलीया, आता काढायची म्हणत्यात.

मिस्त्रीला म्हंटलं, चला आमच्याबरोबर. त्येनं कानावर हात ठेवलं. मयताच्या दारात जाऊन आमी इंजिन बघत न्हाय, म्हंटला, आमच्यात कोणच जात न्हाय, ते भंगारात आलं की मग बघतो. पण भंगारात गेलं म्हंजे दुसरा कुणीतरी उचलणार. मग त्येनं ह्यांच्या हातात एक पाना दिला. म्हंटला, "बॅटरी नसंल, गाडी सुरू हुणार न्हाय. पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावायचा आन् हातानं फिरवायचा. फिरला तर इंजिन आतनं मोकळं हाय, घ्या. न्हाय हलला तर च्या पिऊन परत या. दुसरं कायबी बघू नका." पाना मी लेकराच्या पिशवीत टाकला, आकडी थांबवायला नाकात मारायच्या औषधाजवळ.

त्या घरात एक मावशी हुत्या, म्हंजे गेलेल्या बाईची सासू. अपघातात त्या पुढं बसलेल्या म्हणून वाचलेल्या. घर सारवल्यागत शांत. पाणी दिलं, च्या दिला. लेकरू कलंडतंय बघून त्यांनी हात पुढं केला आन् आपल्या मांडीवर घेतलं. मी आकडीचं सांगितलं, वडाप बंद पडल्यालं सांगितलं. त्या ऐकत हुत्या आन् लेकराच्या पायाची बोटं एकेक दाबत हुत्या. मग म्हंटल्या, आमचा नातू बी एवढाच हाय. त्येला मामानं नेलंय, सोडत न्हाईत हिकडं.

मला त्या गाडीची भ्या वाटत हुती. खरं सांगतो, रस्ताभर मला वाटत हुतं की तिथं गेल्यावर कायतरी दिसंल, डाग आसंल, केस आसतील, आन् मग तेच इंजिन आपल्या बुडाखाली घेऊन आपून लेकराला घेऊन बसायचं. माझ्या तोंडावर ते दिसलं आसंल. परड्यात गेल्यावर मावशींनी ताडपत्री काढायला लावली आन् माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"पोरी, मनात काय आणू नगंस," त्या म्हंटल्या. "तेराव्याला गाडी आतनं भायेरनं धुऊन काढलीया. सिटा काढून, मोटर लावून पायपानं पाणी मारलंय, पार इंजिनापतूर. गोमूत्र शिपडलंय. तिचं काय बी ऱ्हायलं न्हाय त्यात."

माझ्या छातीवरचं ओझंच उतरलं. ह्यांनी बी श्वास सोडला. गाडीचा मागचा भाग चेपून पुढच्या सीटजवळ आलेला, पण इंजिन बघितलं तर भांडं घासून ठेवल्यागत लख्ख. मी हात लावला. गार. टोपण काढलं, आतनं स्वच्छ, साय न्हाय, काय न्हाय. सगळं मिस्त्रीनं सांगितल्यागत. ऱ्हायला फकस्त नट.

ह्यांचा हात पिशवीकडं गेला. मावशी माझ्या लेकराला खांद्यावर टाकून हुब्या, एक हात गाडीच्या टपावर, पदरानं डोळं पुसत्यात. त्या टपाखालीच त्यांची सून गेलेली. तिथं वाकून पाना लावायचा, जोर काढायचा, हलतंय का न्हाय बघायचं. मला वाटलं, मयताच्या अंगावरची चादर वर करून बघितल्यागत हुईल ते. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी त्यांच्याकडं. पाना पिशवीतच ऱ्हायला.

भाव बी केला न्हाय. त्या म्हंटल्या तेवढं दिलं, त्यांनी बी कमीच सांगितलं, लेकरासाठी हाय म्हणून. निघताना लेकराला सोडवंना त्यांना.

टेम्पोतनं इंजिन आणलं. मिस्त्री आधी खूश झाला, म्हंटला चांगलं हुडकलंसा. मग त्येनं नटाला पाना लावला. हललं न्हाय. पान्याला लांब पाईप लावला, दोघं लोंबकाळली, हललं न्हाय. मग त्येनं वरचं झाकण उघडलं. आत नुसता तांबडा गंज, च्याचा चोथा वाळून बसल्यागत. पिस्टन त्यातच चिकटलेलं.

त्येनं विचारलं, ह्यात पाणी कुणी मारलं. ट्रकच्या धक्क्यानं हवा घ्यायचा पाईप निघून पडलेला, तोंड उघडंच, पायपाचं पाणी त्यातनं थेट आत गेलं, आन् मग ताडपत्री घालून तसंच ठेवलं. हे खाली मान घालून बसले. मीच सांगितलं, तेराव्याला धुतलं म्हणून. मिस्त्रीनं गंजावरनं बोट फिरवलं आन् फडक्याला पुसलं. मग म्हंटला, "घासून, रिंगा बदलून सुरू करून देतो वैनी. चालंल. पण चढाला काय करंल ते मी सांगू शकत न्हाय."

मला तर चढाचंच पायजे हुतं. सपाटीला कुठली बी गाडी चालती.

ह्यांचे भाऊ, आमचे भावजी, म्हंटले, परत करा, पैसे मागा. हे कधी न्हवं ते चिडले. "काय म्हणायचं दारात जाऊन? तुमी सुनंला धुतली त्यात आमचं इंजिन गेलं?" मग कोण गेलंच न्हाय.

त्याच आठवड्यात लेकराला परत ताप आला. आकडी आली न्हाय, नुसता ताप, पण मी रातभर... न्हाय, ते सांगत न्हाय. सकाळी उठून मी म्हंटलं, मला इंजिन नको. मला दवाखाना जवळ पायजे. सासूबाईंनी लई कालवा केला, घर फोडती म्हंटल्या, शेरात जाऊन रानी हुणार म्हंटल्या. मी पाया पडलो आन् भांडी भरली. हे माझ्या बाजूनं बोलले न्हाईत, पण पोतं खांद्यावर ह्यांनीच घेतलं.

आता आमी शिवाजी पेठेत ऱ्हातो, एका घराच्या मागच्या खोलीत. खिडकी न्हाय, पण दवाखाना पळत जायच्या अंतरावर हाय. व्हॅनचा सांगाडा आन् ती दोन्ही इंजिनं भंगारात गेली. हे दुसऱ्याचा टेम्पो चालवत्यात, सकाळी जात्यात ते अंधारल्यावर येत्यात, कुणाच्या हाताखाली कवा काम केलं न्हवतं त्यांनी.

इथं आल्यावर एकदा आकडी आली. नाकात औषध मारलं, थांबंना. उचललं आन् सुटलो. गल्लीच्या तोंडाला तालमीतली पोरं बसल्याली, एकानं पटदिशी मोटरसायकल आणून आडवी घातली, बसा वैनी, बसा की. मी बसलो न्हाय. इंजिन अडखळत हुतं त्याचं, फट फट करून मधीच गप हुयाचं. तो म्हणतोय काय झालं बसायला, आन् मी पळतोय, आन् तो गाडी घेऊन माझ्याबरोबर चाललाय, वाटंतली माणसं बाजूला काढत. पोचलो वेळेत. डाक्टर म्हंटले, वेळेत आणलंसा. लेकरू आता बसतंय, धरून हुबं बी ऱ्हातंय. पण नाव घेऊन हाक मारली तर कवा कवा वळतच न्हाय. ते चढावरच्या आकडीनं हाय का आत्ताच्या, ते कोण सांगत न्हाय.

मधी मावशींचा फोन आला. ह्यांचा नंबर त्यांच्याकडं हुता, हे जेवत हुते म्हणून मी उचलला. लेकराचं विचारलं. मग म्हंटल्या, "गाडी चालती न्हवं?"

मी म्हंटलं, "व्हय मावशी. चालती की."

"बाळ बसतंय न्हवं त्यात?"

"बसतंय."

"बरं झालं बाई. तिचं कायतरी चालू हाय म्हणायचं." जरा थांबल्या. "येकदा मला घेऊन जा त्यातनं वाडीला. त्या दिवसापासनं मी देवाला गेलोच न्हाय."

ह्यांचा हात ताटातच थांबला. मी म्हंटलं, लेकरू जरा मोठं होऊ द्या मावशी, मग जाऊया. त्या म्हंटल्या, होऊ दे की, मला कुठं घाई हाय. फोन ठेवला. हे उठले आन् हात धुवायला भायेर गेले, आन् लई वेळ नुसतं पाणी पडल्याचाच आवाज येत ऱ्हायला. लेकरू भिताडाला धरून हुबं हुतं, माझ्याकडं पाठ करून. मी हाक मारली. वळलं न्हाय. मी परत मारली.