सिस्टरांचं तिसरं वाक्य

आमच्या नांदगाव खंडेश्वरकडच्या गावात दवाखान्यातल्या सिस्टर माणसाचं तोंड पाहत नाहीत, आधी पाय पाहतात. पावसाळ्यात शेतात निंदण करणाऱ्या बाया रांगेत बसतात. चिखल्यांनी बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून फाटलेल्या, वर घरच्या इलाजाचा मेंदीचा लगदा. सिस्टर कमर धरून वाकतात, तो लगदा धुतात आणि दरवेळी तेच बोलतात, जांभई दिल्यासारखं: "पाय पुसत जा. मलम लावत जा. चार दिवस चिखलात जाऊ नोका."

मी दर सोमवारी बीपीच्या गोळ्या न्यायला जातो, त्यामुळे मला हे पाठ आहे.

गेल्या श्रावणात एका बाईने पाय मागे ओढला. "मंग चार दिवस निंदाले कोन जाईन, बाई? तुमी?"

मला वाटलं, सिस्टर आता खेकसतील. पण त्या स्टुलावर बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला आणि एकेक बेचकी कोरडी केली. त्या दिवसापासून त्यांचं तिसरं वाक्य बंद झालं. आता त्या घरून जुन्या सुती लुगड्याच्या चिंध्या आणतात, बायांना बोटांत घालायला.

यंदा शाळेच्या वाटेवर बूट भिजून भिजून मलाही चिखल्या झाल्या. मी मोजा काढला. सिस्टरांनी पाय पाहिला, मग पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"चार दिवस चिखलात जाऊ नोका, सर," त्या म्हणाल्या. "तुमाले जमते."