काकूंचे तळ्यातले पेशंट

आमच्या शेजारच्या काकूंनी मनावर घेतलं तर त्यांना दगडाचीही नाडी सापडेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. जर्सी सिटीत चौदाव्या मजल्यावर माझ्या दाराला लागून त्यांचं दार. मूळच्या सोलापूरच्या, इथे जन्मभर नर्सची नोकरी केली. रिटायर झाल्यावर माणसं योगाच्या क्लासला जातात. काकूंनी हातात गळ घेतला.

तासाभराच्या ड्राइव्हवर, डोंगरात, धरणाचं एक तळं आहे. पाणी इतकं नितळ की आपल्याला मासा दिसण्याआधी माशाला आपण दिसतो. म्हणून काकूंचं सगळं काम नाजूक. केसाएवढा दोरा, करंगळीएवढी रबरी अळी आणि बोटीत बोलणं बंद. पहिल्या दिवशी मी हौसेने लाल जॅकेट घालून गेलो, तर त्यांनी भर पार्किंगमध्ये ते उलटं करून घालायला लावलं. अस्तर राखाडी होतं म्हणून निभावलं. शिवणी बाहेर, गळ्याशी लेबल फडफडतंय, अशा थाटात मी दिवसभर वल्ही मारली. रबरी अळ्यांना काकू लसणाचा वास लावतात आणि रंगवार मिसळणाच्या डब्यात ठेवतात. एकदा त्यांच्याकडे फोडणी देताना मी नेमका तोच डबा उघडला. मोहरीच्या वाटीत हिरव्या अळ्या बघून माझी जी बोबडी वळली, ती हकिगत त्या अजून चारचौघांत रंगवून सांगतात.

दुकानातली सुरमई त्या मिटक्या मारत खातात, पण तळ्यातला बास मासा म्हणजे पेशंट. हात ओले करून त्याला धरायचं, गळ काढायचा, सावरेपर्यंत पाण्यात आधार द्यायचा आणि मग डिस्चार्ज. मी एकदाच तव्याचा विषय काढला. "पेशंट कोणी खातं का रे?" म्हणाल्या, आणि तवा तिथेच निवला.

ऋतू बदलला की वॉर्ड बदलतो. वसंतात मासे काठाशी अंडी घालतात आणि नर पहारा देतो. तिथे काकू गळ टाकत नाहीत. बाळंतपणाच्या वॉर्डात व्हिजिटर कशाला, असं त्यांचं म्हणणं. जरा पलीकडे, वजन न लावलेली अळी त्या अलगद सोडतात. उन्हाळ्यात मासे तीस फूट खोल जातात. मग दोऱ्याच्या टोकाला शिसं, त्याच्या वीतभर वर अळी, आणि शिसं तळाला टेकवून अळी जागच्या जागी नुसती थरथरवायची. आणि शरद! काय सांगू! बारक्या माशांच्या मागे बास वर धावतात, पाणी खदखदतं, आणि शांततेचा नियम करणाऱ्या काकू स्वतःच बोटीत उभ्या राहून "अरे तिकडे, तिकडे बघ" करत नाचतात. मी एका हाताने त्यांचं लाइफ जॅकेट घट्ट धरून ठेवतो. थंडीत मात्र मासा ओढतसुद्धा नाही, अळी नुसती तोंडात धरतो. दोरा किंचित जड होतो, बस्स. मी मासे दाखवणारं मशीन आणलं होतं, ते त्यांनी मला परत करायला लावलं. नाडी बोटांनी बघायची असते, हा त्यांचा खाक्या.

गेल्या शरदात काकूंचे मासे सुटायला लागले. आधी दोष दोऱ्याला, मग माझ्या वल्ह्यांना. एक दिवस त्यांनी तापलेल्या कढईचा कान नुसत्या हाताने धरला, आणि मी ओरडेपर्यंत सोडला नाही. तेव्हा कुठे कळलं की डायबिटिसने त्यांची बोटं बधिर होत चालली आहेत. "तळ्यावर बर्फ धरायच्या आत एकदा जाऊ," काकू हाताला मलम लावून घेत म्हणाल्या. "एक जरी मासा कळला तरी जात राहीन. नाहीतर सामान तुला." मला ते सामान नको होतं. मला काकू हव्या होत्या.

डिसेंबरात गेलो. दोन तासांत दोनदा दोरा बाजूला सरकलेला मला दिसला, काकूंना कळलं नाही. मी गप्प राहिलो. सांगितलेला मासा त्यांनी मोजला नसता. मग त्यांनी रॉड माझ्या हातात दिला, कानटोपी मागे सारली, आणि तान्ह्या बाळाचा ताप बघावा तसा ताणलेल्या दोऱ्याला गाल लावून डोळे मिटले.

"आला," त्या हळूच म्हणाल्या. "उचल."

माझ्या हाताला काही म्हणजे काही लागलं नव्हतं. नुसत्या विश्वासावर मी रॉड उचलला आणि तो कमानीसारखा वाकला. मी सगळे नियम विसरून बोंब मारली. समोरच्या काठावरची बदकं उडाली. चांगला हातभर लांब मासा होता! काकूंच्या गालावर दोऱ्याची लाल रेघ उमटली होती आणि त्या हसत होत्या. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या कुठल्या यशाचाही झाला नव्हता.

बाह्या वर सारून त्यांनी माशाला नेहमीसारखं पाण्यात धरलं. मीही शेजारी हात घातला, तर क्षणात कळ डोक्यात गेली. काकू मात्र निवांत होत्या.

"पाणी गार आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"आहे काकू. खूप गार आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. माशाने शेपटी मारली आणि तो खोल गेला. काकूंनी हात तसेच पाण्यात ठेवले. मग मी ते बाहेर काढले, टॉवेलने एकेक बोट पुसलं, आणि त्यांनी मला पुसू दिलं.