रोयणीचा फोटो

फोटोवाल्यानं जागा विकली, असं आमच्या वाड्यावर दोन महिने चाललं होतं. विहिरीवर तेच, पाव घेऊन पोदेर आला की त्याच्या सायकलीभोवती तेच. तो फोटोवाला म्हणजे माझे थोरले दीर, सगुणदादा. मी विनोदिनी, ह्या घरची धाकटी सून. माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात, तरी माझ्यासमोर बोलायची हिंमत! आता मी बोलते. आवाज चढला तर चढू दे.

सगुणदादा वीजखात्यात लाइनमन होते. तारांखालून चालून चालून इब्रामपूरपासून पार्श्यापर्यंतचा एकेक डोंगर त्यांच्या पायाखालचा. लग्न केलं नाही. का नाही, ते विचारायची कोणाची टाप नाही, मीसुद्धा विचारलेलं नाही. निवृत्त होताना खात्यातले लोक म्हणाले, दादा, घड्याळ देऊ की शाल? दादांनी सांगितलं, कॅमेरा द्या. मोठा नको, मुठीत मावेल एवढा. आणि त्या लोकांनी खरंच दिला हो!

"मोबाईल असताना हो डबो कित्याक?" म्हणून माझ्या नवऱ्यानं किती दात काढावेत! दादा म्हणायचे, "ह्येका नेटवर्क नाय, ताच बरां. काढलेलो फोटो खंय जायना, माझ्याकडेच रवता."

पावसाळ्यातल्या रविवारी पेज पिऊन निघायचे. कॅमेऱ्याची दोरी मनगटाला, वर प्लास्टिकची पिशवी, खिशात जळवांसाठी मिठाची पुरचुंडी. एकदा हट्टानं मीही गेले त्यांच्याबरोबर वरच्या सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर. देवा रे! एका इवल्याशा बेडकासाठी हा साठीचा माणूस चिखलात पालथा पडला तो उठेचना. बेडूक पानाआड जायचा, दादा कोपरावर सरकायचे. काचेवर वाफ धरायची, ती बनियनच्या टोकानं पुसायची. मी वर छत्री धरून उभी, माझ्या पायाला जळू. शेवटी फोटो निघाला तेव्हा मला त्या छोट्या पडद्यावर दाखवला. बेडकाच्या डोळ्यात आभाळ दिसत होतं. खोटं कशाला बोलू, मी जळू विसरले.

माणसांचे फोटो मात्र ते काढायचे नाहीत. माझ्या भाचीच्या लग्नात सगळ्यांनी गळ घातली, तर म्हणाले, "माणसां हलतत, आणि मागीर नावां ठेवतत." आणि जेवायच्या पंगतीला जाऊन बसले.

आमच्या कुंपणापलीकडे चंद्रावतीकाकी राहते. नवरा गेला, मुलगा विशाल बोटीवर. श्रावणात ती डोंगरात एका जागी जाते आणि ओटी भरून अळमी घेऊन येते. अळमी म्हणजे रानातली अळंबी, रोयणीवर उगवतात ती. रोयण म्हणजे वारूळ. आमच्याकडे अळम्यांची जागा कोणी कोणाला सांगत नाही. आई मुलाला सांगत नाही, मग शेजाऱ्याची काय कथा. काकी कळ्या कधी खुडायची नाही. उमललेली तेवढी घ्यायची, थोडी मागे ठेवायची, आणि रोयणीला हात लावायची नाही. लावेल कशी? आमची ग्रामदेवता सातेरी. देवळात तिची मूर्ती नाही, रोयणच आहे, तिलाच आम्ही साडी नेसवतो.

ह्या श्रावणात काकीच्या गुडघ्यानं दगा दिला. उतार उतरवेना. तिनं दादांना हाक मारली आणि आपल्याबरोबर नेलं. साऱ्या वाड्यात एकट्या सगुणदादांना! दादांनी विचारलं, काकी, एक फोटो काढू? ती म्हणाली, "काढ. पण कोणाक दाखवशी नको." त्यांनी मला देखील दाखवला नाही. फक्त त्या दिवशी जेवताना दोनदा भात मागितला, एवढे खूश होते.

त्यानंतर दोन दिवसांनी आमचे हे प्लास्टिकची पिशवी भरून अळमी घेऊन आले. म्हणाले, धारगळला हायवेवर विकायला बसतात, तिथून घेतली. बघते तर अर्ध्या कळ्या! मी भडकले, "कळ्या कोण उपटतो? त्याचे हात झडतील." तर म्हणाले, "विकणाऱ्याक विचार." मी म्हटलं, आणि सकाळी नेलीत ती माझी कापडी पिशवी? जुन्या पिवळ्या लुगड्याची, हिरव्या काठाची, मीच शिवलेली. तर म्हणे म्हापशाच्या बाजारात विसरली. मी पिशवीवरून थोडं भांडले आणि चुलीकडे वळले. ओलं खोबरं वाटलं, अळम्यांचं तोंडाक म्हणजे रस्सा केला, दादांना वाढलं आणि शेजारधर्म म्हणून एक वाटी चंद्रावतीकाकीला देऊन आले. तिच्या हातात दिली मी वाटी, माझ्या ह्या हातांनी!

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी आमच्या खळ्यात, अंगणात, उभी राहिली. केस सुटलेले, पायाला चिखल; काठी टेकत कशीबशी एकटीच डोंगरात जाऊन आली होती. आमचे हे तुळशीपाशी दात घासत होते. काकीनं त्यांच्याकडे बघितलंही नाही.

"सगुणा," ती म्हणाली, "रोयण फोडून टाकल्यानी. कुदळीन फोडल्यानी, आतल्या कळ्यांसाठी. ती जागा मी फकत तुका दाखवलंय."

दादा ओट्यावर उभे.

मग ती माझ्याकडे वळली. "आणि तू काल वाटी दिलंस, ती ह्याच अळम्यांची काय गो?"

"नाय काकी, ती हायवेवरची!" मी ओरडले. तिनं धुतलेली वाटी पायरीवर ठेवली आणि गेली.

दादा तेव्हाच डोंगरात गेले. दुपारी भिजून परतले, कॅमेरा खिळ्याला टांगला आणि त्यानंतर त्याला हात लावला नाही. रविवार यायचे, जायचे. दादा ओट्यावर बसून डोंगराकडे पाठ करायचे. वाड्यावर बोलणं सुरू झालं, फोटोवाल्यानं जागा विकली म्हणून. मी एकेकीशी भांडले. विहिरीवर एकीची कळशी लाथाडली. घरी येऊन सांगायचे, आणि आमचे हे बशीत च्या ओतून म्हणायचे, "लोकांच्या तोंडाक लागा नको." लाज कशी वाटली नाही!

दसऱ्याच्या आधी मी घर झाडायला काढलं. दादांच्या खोलीत त्यांची पत्र्याची ट्रंक सरकवली, तर मागे भिंतीला लागून माझी पिवळी पिशवी. हिरवा काठ, माझीच शिवण, आणि त्यावर वाळलेली पांढरट माती. तशी माती रोयणीचीच असते. मी खाली बसले. मग उठले आणि खिळ्यावरचा कॅमेरा काढला. तो मेलेला. स्वयंपाकघरातल्या फळीवर, जिथे नेहमी त्याची बॅटरी भरते, तिथे लावला आणि समोर उभी राहिले.

शेवटच्या फोटोत फुटलेली रोयण होती. ढेकळं, त्यात चुरगळलेल्या कळ्या, आणि बाजूला पडलेली माझी पिशवी. त्याच्या आधीचा फोटो चांगल्या दिवसाचा. पांढरीशुभ्र अळमी, मागे दुभंगलेला मोठा खडक आणि खडकातून वर आलेलं कुंभ्याचं झाड. तसा खडक आमच्या डोंगरात एकच आहे, वाड्यावरचं पोर ओळखेल. फळीवर बॅटरी भरत असताना आमच्याच घरात कोणीतरी तो बघितला होता. दादांनी पिशवी ओळखली होती, उचलून आणून लपवली होती, आणि दोन महिने चोराचा शिक्का कपाळावर घेऊन बसले होते.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. रुद्रेश! जेवायला बसला तेव्हा मी त्याच्या ताटात ती पिशवी ठेवली.

त्यानं पिशवी ताटाबाहेर सारली. मग म्हणाला, "काँट्रॅक्टराक अळमी होयी होती. आमका त्याच्याकडून काम होया. आणि रान काय तिच्या नावावर असा? सरकारचां रान."

"आणि रोयण?"

"देवळातली रोयण वेगळी गो. ही रानातली."

"वेगळी? साडी नेसवली की देवी, आणि रानात असली की कुदळ? आणि तुझा सख्खा भाऊ चोर ठरला तो?"

दादा दारात आले. "विनोदिनी, सोड. घरातलां घरात रवांदे. भाव असा तो माझो."

मी त्यांच्यावरही उखडले. म्हटलं, दादा, तुमचा चांगुलपणा घाला चुलीत! त्या बाईनं तुमच्यावर भरवसा टाकला, ती रोज कुंपणापलीकडे तुम्हाला बघून तोंड फिरवते, आणि तुम्ही ह्याला झाकता? चंद्रावतीकाकीला जाऊन सांग, असं मी रुद्रेशला बजावलं. दसऱ्यापर्यंत वाट बघितली. तो गेला नाही.

दसऱ्याला सातेरीची पालखी घरोघर येते. घरच्या बाईनं पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायचं, मग देवीला ओवाळायचं, मग पालखी पुढे. ताशे वाजत पालखी आमच्या खळ्यात आली. पुढच्या दांड्याला कोण? रुद्रेश! नवं सोवळं, कपाळाला गंध. मागे अख्खा वाडा, त्यात चंद्रावतीकाकी काठी टेकून उभी.

मी कळशी घेऊन पुढे झाले. तीन जणांच्या पायांवर पाणी घातलं. चौथा रुद्रेश, त्याच्या पायांशी थांबले.

"घाल गो पाणी," मागून कोणीतरी म्हणालं.

"ह्या पायांवर नाही," मी म्हटलं. ताशे थांबले. "काकीची रोयण ह्यानं फोडली. दादांच्या कॅमेऱ्यात चोरून बघितलं आणि जाऊन फोडली. दादांनी कोणाला काही दाखवलं नाही, काही विकलं नाही. पिशवी आणि फोटो दोन्ही घरात आहेत, कोणाला बघायचं त्यानं आत यावं. रोयण फोडणाऱ्याच्या खांद्यावरची देवी मी ओवाळणार नाही. खांदा बदला."

रुद्रेशचं तोंड पांढरंफटक. "गप रव!" म्हणाला. पाणी घातल्याशिवाय पालखी हलत नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि तो एकदाही 'मी नाही' असं म्हणाला नाही. कळशी मी खाली ठेवली नाही.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. चंद्रावतीकाकी वाट काढत ओट्यापाशी गेली. दादा खांबाला धरून उभे होते.

"सगुणा," ती म्हणाली, "खाली ये. तू दी खांदो."

दादा खाली आले. डोळे गळत होते, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. रुद्रेश दांड्याखालून बाजूला झाला आणि दादा तिथे उभे राहिले. मी त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि देवीला ओवाळलं.

रुद्रेश अजून माझ्याशी बोलत नाही. नको बोलू दे. काल सकाळी काकीनं कुंपणावरून दादांना हाक मारली, रोयणीनं परत माती वर काढलीय का, बघून ये म्हणाली. दादांनी खिळ्यावरचा कॅमेरा काढला आणि मला विचारलं, घरात मीठ असा मा गो?