गुहेतला घोडा आणि धुरींचा हॉर्न

जगन्नाथ धुरी यांना उशीर होत नसे. दुबईत अल क्वोजमधल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत ते ट्रान्स्पोर्ट सांभाळत. कामगारांना कॅम्पवरून साइटवर नेणाऱ्या बसेस त्यांच्या हुकमाने सुटत, आणि सुटायची वेळ म्हणजे सुटायची वेळ. महादू नावाचा सांगलीकडचा गवंडी एकदा एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवस्थेत बसमागे धावला होता. बस थांबली नाही. तेव्हापासून कॅम्पवर म्हण पडली, "धुरीसाहेबांची बस आणि यमाचा रेडा, दोघं कुणासाठी थांबत नाहीत." ती धुरींच्या कानावर आली होती आणि त्यांना मनातून आवडलीही होती.

राहायला ते शारजात. रोज दुबईला जायचं म्हणजे ट्रॅफिकशी गाठ. पण शेजारीपाजारी ज्या ट्रॅफिकला शिव्या घालत, तो जमायच्या आत धुरी पार झालेले असत. संध्याकाळी मात्र सुटका नसे. घराजवळ पोचले की ते मल्याळी कॅफेटेरियासमोर गाडी उभी करत आणि हॉर्न वाजवत. आतून करक, म्हणजे दाट दुधाच्या कडक चहाचे कप गाडीच्या काचेपर्यंत येत. गाडीतून उतरून चहा प्यायचा असतो हे ते जवळजवळ विसरले होते.

त्यांच्या पत्नी कमलिनीबाई शारजातल्याच एका इंडियन स्कूलमध्ये सहावीला सोशल स्टडीज शिकवत. पुस्तकात अश्मयुगाचा धडा होता आणि त्यात फ्रान्समधल्या एका गुहेत रंगवलेल्या घोड्याचं चित्र. पाय काटकुळे आणि पोट हे एवढं. दरवर्षी कुणीतरी हात वर करी, "मॅम, इज इट प्रेग्नंट?" वर्ग खिदळे. पोट एवढं का, हे पुस्तकात दिलेलं नव्हतं आणि बाईंना ठाऊक नव्हतं. अंश नावाच्या एका चौकस मुलाने एकदा वेगळंच विचारलं, "मॅम, हॅव यू सीन इट?"

"नॉट येट," बाई म्हणाल्या. पुढे कुणी विचारलं तरी त्या तेच म्हणत.

रजा मिळे ती गावी जाई. मालवणचं घर बांधायचं होतं, नणंदेचं लग्न होतं, सासऱ्यांचं आजारपण, मग गणपती. बाईंनी कधी तक्रार केली नाही. मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या आणि घरी येऊन एवढंच म्हणाल्या, "अहो, तुमची नोकरी आहे तोवर घोडा बघून येऊ. पुढच्या वर्षी तुमचा व्हिसा खलास. मालवणहून कोण नेतंय मला फ्रान्सला?"

धुरींनी होकार दिला. "मी पोचवतो तुला घोड्यापर्यंत," असा शब्दच दिला.

बाकीचं मुलीने, पर्णिकाने पाहिलं. ती दुबईत एका डिझाइन ऑफिसात होती आणि शाळेत फ्रेंच शिकलेली होती. त्या गुहेत दिवसाला मोजक्याच लोकांना सोडत. श्वासाच्या दमटपणाने रंग जातो म्हणे. तिने महिनोन् महिने आधी तिघांची तिकिटं काढली. पॅरिसला विमानातून उतरून त्यांनी थेट पुढची रेल्वे धरली.

गुहेभोवतीचा तो सगळा मुलूख खेड्यांचा. नदी संथ, तिच्या काठावर उभे कडे आणि कड्यांवर किल्ले. घरं मधाच्या रंगाच्या दगडांची, अंगणात अक्रोडाची झाडं. कमलिनीबाई प्रत्येक किल्ल्याचा दगड हात लावून पाहत. धुरी पार्किंग कुठे आहे ते पाहत. भाड्याची गाडी तेच चालवत होते. रस्त्याची बाजू अमिरातीतलीच असल्याने त्यांना काही अडचण नव्हती. रस्ते मात्र मोकळे. "एवढा रस्ता आणि माणूस नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत. त्यात कौतुक होतं आणि थोडा संशयही.

गुहेच्या दिवशी त्यांनी सवयीप्रमाणे सगळ्यांना लवकर बाहेर काढलं. ट्रॅफिक लागलाच नाही. प्रवेश दुपारचा, आणि सकाळीच निम्म्याहून जास्त रस्ता संपला. आता एवढा वेळ हातात आहे म्हटल्यावर त्यांना चहाची आठवण झाली. एका गावात चर्चसमोर एक कॅफे दिसला. धुरींनी दारात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवला.

कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला, जरा लांबवून.

"बाबा! व्हॉट आर यू डूइंग?"

"चहा सांगतोय."

समोरची खिडकी उघडली. मग तिच्या वरची. बेकरीतून एक बाई पिठाच्या हातांनी बाहेर आली, निळ्या डांगरीतला एक म्हातारा बाकावरून उठला, आणि कॅफेची मालकीण ॲप्रनला हात पुसत थेट गाडीपाशी आली. सगळे हसत होते. मालकिणीने वाकून मागच्या सीटवर पाहिलं. तिथे कमलिनीबाई बसल्या होत्या. तिने काहीतरी विचारलं.

पर्णिकाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "बाबा, इथे असा हॉर्न फक्त लग्नाच्या वरातीत वाजवतात. नवरी कुठेय, विचारतायत."

धुरींचे कान तापले. "सॉरी सांग. सांग, आमच्याकडे गाडीत चहा मिळतो."

पर्णिकाने सांगितलं. त्यावर गाव आणखीच हसलं. मालकिणीने मागचं दार उघडून कमलिनीबाईंना हात दिला आणि खुर्चीत नेऊन बसवलं. म्हाताऱ्याने कुंडीतलं लाल फूल तोडून त्यांच्यापुढे धरलं. बाईंनी ते घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. "बघा. फूल द्यायचं तुमच्या लक्षात आलं नव्हतं कधी."

कॉफी सावकाश आली. मागून अक्रोडाचा केक आला. म्हाताऱ्याने त्यांना चर्च दाखवलं, त्यातला घंटा ओढायचा दोर दाखवला. कमलिनीबाईंनी मध्येच घड्याळ पाहिलं.

"अहो, निघू या ना?"

"अगं, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता. इथे कुठला आलाय ट्रॅफिक?" धुरी म्हणाले आणि केकचा दुसरा तुकडा घेतला.

गाव सोडून ते नदीकाठच्या रस्त्याला लागले आणि वळणावर पुढे ट्रॅक्टर आला. त्याच्यामागे गवताच्या गाठींनी भरलेला ट्रेलर, रस्त्याएवढा रुंद. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी. ट्रॅक्टर बैलगाडीच्या चालीने चालला होता. मागे गाड्यांची रांग लागली, पण कुणी हूं की चूं करेना.

धुरींचा हात हॉर्नकडे गेला.

"डोन्ट यू डेअर, बाबा."

हात परत आला. मागच्या सीटवर कमलिनीबाई मांडीवर फूल ठेवून बसल्या होत्या. त्यांनी घड्याळ पाहणं सोडून दिलं होतं, आणि धुरींना तेच जड गेलं.

ते पोचले तेव्हा त्यांची तुकडी आत गेलेली होती. काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होती. छातीवरच्या पट्टीवर 'यम्ना' असं नाव. पर्णिकाने फ्रेंचमध्ये विनवण्या केल्या, आईकडे बोट दाखवलं, शाळा सांगितली, पुस्तक सांगितलं. बाईने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

नावावरून धुरींना वाटलं, ही अरबी जाणत असावी. "सिस्टर, इन्शाल्ला, नेक्स्ट ग्रुप?"

बाई किंचित हसली. "खलास," ती म्हणाली.

याचं भाषांतर लागलं नाही. एरवी धुरींनी हुज्जत घातली असती. पण तिचा तो चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. बसचं दार लावून घेताना त्यांचा स्वतःचा तोच असे. महादू बूट घेऊन धावत होता तेव्हाही तोच होता.

ते वळले, तोच बाईने मागून हाक मारली. शेवटच्या तुकडीतलं एक जण आलं नव्हतं. जागा एकच होती.

"पर्णिका, तू जा," कमलिनीबाई म्हणाल्या. "तुला त्यांचं बोलणं कळेल. मला येऊन सांग."

"काही नको," धुरी म्हणाले. त्यांनी बायकोच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला लावली. "घोडा तुझा आहे. जा."

त्या गेल्या. लोखंडी दार बंद झालं. धुरी दारासमोर उभे राहिले. बायकोच्या शाळेच्या फाटकाबाहेर ते कधीमधी असेच थांबत, पण गाडीत बसून, एसी लावून.

"से सॉरी टू हर, बाबा," पर्णिका म्हणाली.

"म्हणेन."

पण कसं, ते त्यांना कळत नव्हतं. उशिराबद्दल माफी आजवर लोक त्यांच्याकडे मागत आले होते. त्यांनी ती फक्त ऐकली होती, आणि बहुधा नीट ऐकलीही नव्हती.

कमलिनीबाई बाहेर आल्या तेव्हा उजेडात डोळे मिचकावत होत्या. आत फोटो काढू देत नव्हते. धुरींनी विचारलं, "दिसला?"

"सांगते. चालत्या गाडीत नाही सांगायची."

त्यांनी नदीकाठी गाडी थांबवली आणि या वेळी आपण होऊन उतरले. बाई एका दगडावर बसल्या, समोर नवरा आणि मुलगी.

"ती भिंत सपाट नाहीये हो," त्या म्हणाल्या. "खडकाला मुळातच फुगवटा आहे. त्या माणसाने तो फुगवटा बघितला आणि त्याच्याभोवती घोडा काढला. पोट आधी होतं, घोडा मागून आला. गाइडने दिवा हळूहळू सरकवला, तर पोट हललं. श्वास घेतल्यासारखं. पुस्तकात कसं कळणार ते? कागद सपाट." त्यांनी तळहाताने हवेत तो फुगवटा दाखवला. "पोरं बरोबर विचारत होती."

धुरींनी रंग विचारला. मान कशी होती ते विचारलं, शेपूट विचारली. त्यांनी बायकोला इतके प्रश्न एका वेळी कधी विचारले नव्हते. मग म्हणाले, "तुझ्यासोबत आत असायला हवं होतं मी. माझ्यामुळे राहिलं."

"हो, तुमच्यामुळेच," बाई म्हणाल्या. फूल एव्हाना कोमेजलं होतं. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. "चला आता. नवरीला भूक लागलीये."

शारजात परतल्यावर काही बदललं असं नाही. बसेस वेळेवर सुटत राहिल्या. महादूने विचारलं, "साहेब, फ्रान्सात काय बघितलं?" तेव्हा धुरी त्याच्याशी घोड्याविषयी इतका वेळ बोलले की ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून पाहिलं.

एका शुक्रवारी त्यांच्याकडे चार मराठी कुटुंबं जेवायला आली. सुदेश नावाच्या मित्राने फोटो मागितले. फोटो नव्हते, म्हणून धुरी सांगू लागले: खडकाचा फुगवटा, सरकणारा दिवा, श्वास घेणारं पोट. हात असे फिरवत होते की सगळे पुरणपोळी विसरून ऐकत होते.

"आणि तोंड उजवीकडे," धुरी म्हणाले.

"डावीकडे," स्वयंपाकघरातून आवाज आला.

सुदेश हसला. "काय हो धुरी, तुम्ही पाहिलात की नाही?"

"नाही," धुरी म्हणाले. "मला उशीर झाला. हिने पाहिला." मग ते स्वयंपाकघराकडे वळून म्हणाले, "कमल, बाहेर ये बघू. पुढचं तूच सांग."