पहिल्या ओळीतली मागणी

मुलांनो, गेल्या रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, रिटायर झाल्यावर तू युनिव्हर्सिटीत कशाला जायचीस?" मी "शिकवायला" म्हणून विषय संपवला. खरं म्हणजे मी दमले होते. आमचा कार्यक्रम बंद झाल्याची दोन ओळींची ईमेल त्याच आठवड्यात आली होती आणि मी तिथलं माझं कपाट रिकामं करत होते. तुम्हाला नीट उत्तर द्यायचं राहिलं, ते आठवतंय तोवर लिहिते.

आफ्रिकेतले तरुण शास्त्रज्ञ तीन महिन्यांसाठी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीत यायचे. आपलं संशोधन मंत्र्याला, अधिकाऱ्याला कळेल असं एका पानात कसं मांडायचं, ते मी शिकवायचे. नोकरीत मी आयुष्यभर आरोग्याचे अहवाल संपादित केले होते, म्हणून मला बोलावलं. माझा नियम एकच होता: काय हवं ते पहिल्या ओळीत. बर्फात बसची वाट बघून पाय गारठायचे, तरी लाल पेन घेऊन वेळेवर हजर. तुमचे आजोबा म्हणायचे, "अगं, डॉक्टरेट झालेली माणसं आहेत ती. शुद्धलेखनाच्या वह्या तपासतेस का?"

एका वर्षी मलावीची एक बाई आली. भुईमुगाच्या शेंगा जमिनीवर वाळवल्या की त्यांना बुरशी लागते आणि तिचं विष लिव्हरला बाधतं, हा तिचा विषय. शेंगा उंच मांडवावर वाळवल्या तर ते टळत होतं. मांडवांसाठी जिल्ह्याच्या शेती अधिकाऱ्याची मंजुरी हवी होती, तीही काढणीच्या आधी. नाहीतर आणखी एक वर्ष लोक तेच खाणार.

तिच्या कागदावर पहिल्या चार ओळी अधिकाऱ्याची विचारपूस आणि त्याच्या कामाचे आभार यांतच गेल्या होत्या. मी त्या खोडल्या.

"मॅडम, आमच्याकडे हे उद्धट दिसेल."

"अधिकाऱ्यांना वेळ नसतो."

"असतो. मान दिला तर असतो."

मी हसले आणि मागणी वर नेली.

परत गेल्यावर तिने कागद तसाच पाठवला. पुढे एकदा तिचा व्हिडिओ कॉल आला. अधिकाऱ्याने पहिली ओळ वाचून कागद बाजूला ठेवला होता आणि क्लार्कला विचारलं होतं, "ही बाई मला हुकूम कधीपासून सोडायला लागली?" काढणी तीन आठवड्यांवर आली होती.

मला माझे वडील आठवले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर कचेरीत जायचे. साहेबांच्या मुलीचं लग्न, गावचं पाणी, सगळं बोलून झाल्यावर उठता उठता ते खिशातून अर्ज काढायचे. हे मला ठाऊक होतं. इतकी वर्षं अमेरिकेत मुद्द्याचं बोलायची सवय लागली आणि ते मी गावंढळ समजायला लागले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले.

तिने नाही म्हटलं नाही. "आता तुम्ही काही लिहू नका, मॅडम. मी जाऊन येते."

अधिकाऱ्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या शिक्षकांना घेऊन ती गेली. दोन दिवस नुसती बसून आली. तिसऱ्या दिवशी अधिकाऱ्यानेच विचारलं, "त्या शेंगांचं काय म्हणत होतीस?" पण मंजुरीचा कागद निघेपर्यंत बहुतेक गावांत काढणी सुरू झाली होती. जिल्ह्याऐवजी दोनच गावांत मांडव उभे राहिले. बाकीच्यांचं ते वर्ष माझ्या लाल पेनाने खाल्लं.

त्यानंतर मी प्रत्येकाला आधी विचारायला लागले, "तुमच्याकडे साहेबाशी कसं बोलतात?" फार जणांना विचारायला मिळालं नाही. आता ते काम संपलं, आणि खरं सांगते, मीही थकले आहे. बाकीच्या गावांत पुढेही काही झालं नाही. त्या दोन गावांत शेंगा अजून मांडवावर वाळतात.